दादाची हाळी

माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, आयुष्यात कधी हळू बोलला नाही. लोहा तालुक्यात आमचं गाव. गावाच्या कडेला घर, घरामागं ओढा आणि ओढ्यापलीकडं शेत. त्या शेताच्या बांधावर उभा राहून दादा हाळी द्यायचा. हाळी म्हणजे रानातून मारलेली लांबलचक हाक. तिच्यात शब्द असतात की नुसता श्वास असतो, हे मला अजून कळलेलं नाही. पण दादाची हाळी ऐकली की वहिनी हातातलं काम टाकून चुलीवर चहाचं आधण ठेवायची. दादा ओढा उतरून, हातपाय धुऊन अंगणात येईपर्यंत चहा उकळलेला असायचा. लग्न झाल्यापासूनचा हा शिरस्ता. पुढं मोबाइल आला, दादाच्याही खिशात आला, पण चहासाठी त्यानं वहिनीला कधी फोन लावला नाही. "घर समोर दिसून राहिलं, त्याला फोन कशाला?" असं त्याचं म्हणणं.

मी नांदेडला पोस्टात होते. सगळी नोकरी खिडकीमागं गेली. खिडकीपलीकडची माणसं मला फटकळ म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण दादाचा फोन आला की माझा फटकळपणा कुठल्या कुठं पळायचा. फोन कानाला लावायची सोयच नव्हती, हातभर लांब धरावा लागायचा. दादाचा समज असा की गाव लांब म्हणजे आवाज मोठा हवा. त्यामुळं आमची म्हैस व्याली, रेडी झाली, खरवस पाठवून दिलाय, ही खबर मला कळायच्या आत रजिस्टर पत्रांच्या रांगेला कळायची. एकदा रांगेतल्या एका आजोबांनी पावती घेता घेता विचारलं, "ताई, रेडी खुशाल हाय ना?" मी म्हटलं, हाय.

घरातल्या सगळ्यांचा एक ग्रुप आहे. तो काढला दादाच्या मुलीनं, माझ्या भाचीनं. ती लातूरला असते. नवरा कॉलेजात शिकवतो आणि ही घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. काम काय, तर मशीनला माणसासारखं बोलायला शिकवायचं. हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "माणसं गप बसना झालीत, आता मशीनला कशाला बोलतं करून राहिली?" पण पोरीचं त्याला लई कौतुक. गावात कुणी विचारलं की सांगायचा, माझी पोरगी मशीनची मास्तरीण हाय.

त्या ग्रुपवर बाकीचे सगळे टाइप करायचे. दादा नाही. "माझी बोटं औताची हायत, त्या बारक्या अक्षरावर बसत न्हाईत," म्हणायचा आणि बटण दाबून बोलायला लागायचा. बोलायचा म्हणजे रागवायचा. सकाळी सगळ्यांची सुविचारांची फुलं येऊन पडायची आणि त्यांच्या मधोमध दादाचा आवाज: अमक्यानं अजून फवारणी केली न्हाई, तमकीनं लेकराला ताप असून लग्नाला नेलं, भोकरच्या पाव्हण्यांनी फोन उचलला न्हाई, मेले का जिते हाय तेवढं कळवा. मी स्वयंपाक करता करता ते दुप्पट वेगानं लावायची. दुप्पट वेगात दादा मोंढ्यात धान्याची बोली लावल्यासारखा वाटायचा आणि माझी भाकरी हसून हसून वाकडी व्हायची.

एका दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो होतो. भाची मला उद्याच्या इंटरनेटचं सांगत होती. तिला हे सांगायला फार आवडतं, आणि माझ्यासारखी उलट बोलणारी समोर असली की जास्तच आवडतं. म्हणाली, "आत्या, पुढं कुणी टाइप करणारच नाही. लोक नुसतं बोलतील. पडद्याकडं बघायचीही गरज नाही. बोललं की काम होईल."

मी म्हटलं, "म्हणजे सगळं जग तुझ्या बापासारखं होणार?"

ती अशी हसली की हातातली करंजी फुटली. खरंच होतं की. आम्ही शहाणी माणसं अंगठ्यानं अक्षरं शोधत बसलो होतो आणि दादा केव्हाच पुढं जाऊन उभा होता. तेवढ्यात ओढ्यापलीकडून हाळी आली. वहिनी उठली आणि आधण ठेवायला गेली.

पुढच्या उन्हाळ्यात दादाचा आवाज बसला. आधी वाटलं कैरी खाल्ली असेल, मग वाटलं भजनात जास्त ओरडला असेल. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गावच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. ग्रुपवर त्याचा रागावलेला आवाज यायचा, पण दाराची कडी गंजावी तसा. शेवटी भाचीनं त्याला आणि वहिनीला लातूरला नेलं. मीही नांदेडहून गाडी धरून गेले.

डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. गाठ वाईट होती, पण वेळेत आलात म्हणाला. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला खाली एक भोक राहील, श्वास तिथून चालेल. जेवणखाण सगळं होईल. फक्त हा आवाज राहणार नाही. पुढं एखादी झडप बसवून थोडंफार बोलता येईल कदाचित, ते नंतर बघू.

वहिनीनं एकच विचारलं, "माणूस राहील ना?"

"राहील."

"मग काढा."

दादा तिच्याकडं बघत राहिला. म्हणाला, "काढा म्हणे. घेवड्याची शेंग हाय का तोडायला?" आम्ही सगळे हसलो. त्या खोलीत हसायला कुणी तयार नव्हतं, तरी हसलो. मग बाहेर येऊन ऑटोत बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शिकवणीच्या क्लासचे फलक चालले होते, पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो लावलेले. ते बघता बघता तो बसक्या आवाजात म्हणाला, "बाई, बैलाला काय आता चिठ्ठी लिहू का?"

मी नुसती त्याची टोपी नीट केली. मी, जी खिडकीत बसून अख्ख्या नांदेडाला उत्तरं द्यायची.

लातूरच्या तिच्या घरी गेल्यावर भाचीनं आम्हाला जमिनीवर बसवलं आणि तिच्या मनातलं सांगितलं. आता आवाज साठवून ठेवता येतो. ऑपरेशनआधी अप्पांनी, म्हणजे दादानं, मशीनसमोर थोडी वाक्यं बोलायची. मशीन त्यांचा आवाज शिकून घेईल. मग पुढं अप्पांनी मोबाइलवर लिहिलं, नाहीतर चित्राचं बटण दाबलं, की मोबाइल त्यांच्याच आवाजात बोलेल.

"माझ्याच?" दादानं विचारलं.

"हो, तुमच्याच."

"बैल फसल?"

"बैलाचं माहीत नाही अप्पा. आई फसेल."

दादाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा उजेड आला. माझाही जीव भांड्यात पडला. तेव्हा मला वाटलं, आता चिंता मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. भाचीनं आतल्या खोलीत खिडकीला गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, कुकर लावायचा नाही अशी ताकीद दिली. शेजारच्या मठात आरती संपेपर्यंत थांबायचं ठरलं. तेवढ्यात दादा न्हाणीतून बाहेर आला. इस्त्रीचं धोतर, पांढरा सदरा, नवी टोपी आणि कपाळाला गंध. मुलगी बघायला निघाल्यासारखा. त्यानं आधी मोबाइलला हात जोडले. वहिनीनं उदबत्ती लावली आणि ती डोक्यावर पदर घेऊन त्याच्या बाजूला बसली.

आणि दादा वाचायला लागला. भाचीनं समोर वाक्यं धरली होती, मशीनला लागतात तशी छापील. "आज आकाश निरभ्र आहे." "मला थोडे पाणी हवे आहे." "कृपया दार उघडा." दादा सातवीपर्यंत शिकलेला. तो शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखा ताठ बसून, एक एक शब्द वेगळा काढून, गोड आवाजात वाचत होता. बसलेल्या गळ्यातूनही त्यानं तो गोडवा कुठून काढला कोण जाणे. मध्येच त्याला ठसका आला तर "माफ करा" म्हणाला. माफ करा! आमच्या दादाच्या तोंडून हा शब्द घरातल्या कुणी ऐकलेला नव्हता.

मी दारातून म्हटलं, "दादा, आपल्यासारखं बोल की जरा."

तो माझ्यावर डोळे वटारून, हळूच म्हणाला, "मशीनपुढं काय गावठी बोलू का? उद्या ते पुण्याला जाईल, दिल्लीला जाईल. लोकं काय म्हणतील?"

वहिनीनंही मान डोलावली. आमच्याकडं हे असंच. साहेब आला की आवाज बदलायचा, पाव्हणा आला की बदलायचा, माइक हातात आला की मग तर बदलायचाच. घरची भाषा घरात, बाहेर ठेवणीतली भाषा. चांगलं ते पाहुण्यापुढं ठेवायचं, एवढंच त्यामागं असतं. भाचीलाही त्यात वावगं वाटलं नाही. आवाज स्वच्छ आला होता, मशीन खूश होती. दादानं शेवटी पुन्हा हात जोडले आणि मग लगेच, मोबाइल बंद झाल्याची खात्री करून, ओरडला, "आता कुकर लावा की, उपाशी मारता का!" तो ओरडा साठवायला हवा होता. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. दादा वाळला, मग हळूहळू भरला. गळ्यावर पातळ कापड बांधून गावी आला. गाव बघायला लोटलं. सगळ्यांसमोर मोबाइल काढायचा मुहूर्त ठरला, पण भाची म्हणाली आधी घरच्या घरी बघू. दादा पडवीत बसला. वहिनी आत चुलीपाशी होती, पदर खांद्यावर, पिठाचे हात. दादानं पाण्याच्या पेल्याचं चित्र दाबलं.

मोबाइल म्हणाला, "मला थोडे पाणी हवे आहे."

आवाज दादाचाच होता. तसूभर फरक नव्हता. पण आत वहिनीनं घाईघाईनं पिठाच्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि दाराआडून विचारलं, "कोण पाव्हणे आलेत?"

आम्हाला हसू फुटलं. दादालाही फुटलं, गळ्यातून नुसती हवा गेली. पण वहिनी बाहेर येऊन बघते तर कुणी नाही, नवरा एकटा आणि त्याच्या हातात तो मोबाइल. तिला समजलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. संध्याकाळी दादा मोबाइल घेऊन गोठ्यात गेला. "चला" असं त्यानं लिहून बैलाला ऐकवलं. बैलानं कान सुद्धा हलवला नाही. शेपटीनं माशी हाकलली आणि रवंथ करत राहिला.

रात्री जेवताना वहिनी भाचीला म्हणाली, "पोरी, माझा राग नको धरू. पण ते मला नका ऐकवू. परक्या माणसाचा आवाज वाटतो घरात."

दुसऱ्या दिवसापासून मोबाइल देवळीत गेला. दादा टाळी वाजवायचा, ताटली वाजवायचा, बोटांनी दाखवायचा. चहाच्या वेळेला न बोलावता घरी येऊन बसायचा. कधी चहा झालेला असायचा, कधी नसायचा. पारावर जायचा बंद झाला. लोक बोलायचे आणि तो ऐकायचा, हे त्याला सोसवत नव्हतं. ग्रुपवर आमची फुलं येत राहिली, पण कुणी कुणाला रागावेना. तापातल्या लेकरांना लग्नाला नेलं तरी चालायला लागलं. मला ते घर ओळखू येईना. मी गावी गेले की तो माझ्याकडं बघून हसायचा आणि मला त्याच्या हसण्याचा राग यायचा. त्याचा नाही, त्या शुद्ध बोलणाऱ्या मोबाइलचा. हा काय आवाज झाला? "कृपया दार उघडा!" दादानं जन्मात दार वाजवलं नाही, तो लाथेनंच उघडायचा.

मग एका दुपारी नांदेडला माझा मोबाइल अडला. जागा शिल्लक नाही, काहीतरी काढून टाका, असं त्याचं तुणतुणं. मी वैतागून ग्रुप उघडला, म्हटलं आधी ही फुलं काढते. फुलांच्या मध्ये दादाचे ते जुने निरोप होते. नवे यायचे बंद झाले तसे जुने ऐकणंही बंद झालं होतं. बोट चुकून एकावर पडलं.

"ए बाई! पुलावरून दाजींना गाडी चालवू देऊ नगंस, त्यांना नजर लई कमी हाय. तूच सांग, मी सांगितलं की त्यांना राग येतो. अन् तुरीची डाळ पाठवली हाय. ती गल्लीत वाटत बसू नगंस. तू खा."

मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. डोळे भरून आले आणि हसूही आलं. मागं मोटारीचा आवाज होता, बैलाच्या गळ्यातली घंटा होती, वारा होता, आणि या सगळ्यावर पाय देऊन उभा असलेला दादा होता. मी लगेच भाचीला फोन लावला.

"मशीनला जुना आवाज चालतो का गं? घाणेरडा? मागं बैल असलेला?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या बापाच्या शिव्या."

मग ती सावकाश म्हणाली, "आता चालतो, आत्या. मागचा गोंगाट वेगळा काढता येतो. किती आहे?"

"पोतंभर आहे माय."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. ग्रुपवरचं तर होतंच, पण दादा एकेकाला वेगळंही रागवायचा, ते आम्हाला तेव्हा कळलं. भाचीनं सगळ्यांकडं ते मागितलं आणि माझ्या मोबाइलवर दादाच्या रागाचा पूर आला. किनवटचा आमचा चुलतभाऊ म्हणाला, "यात माझी लई अब्रू गेली हाय, तेवढं फक्त मशीनलाच ऐकवा." भोकरच्या पाव्हण्यांनी फोन न उचलल्याबद्दलचे सगळे बोल जपून ठेवले होते. भाचीच्या नवऱ्यानं, जो सासऱ्यासमोर मान वर करत नाही, त्यानं तर स्वतःवरचे निरोप एका जागी करून ठेवलेले निघाले. मी विचारलं, "का हो?" म्हणाला, "आत्याबाई, आमच्या घरी मला कुणी रागवतच नाही."

त्यातलाच एक निरोप मला आलेला होता. दादा कुठल्याशा लग्नाचं सांगत होता आणि मध्येच म्हणाला, "थांब बाई, जरा चहाचं सांगतो." आणि मग हाळी. बटण दाबलेलंच राहिलेलं. भाचीनं ते बाजूला काढलं. म्हणाली, "हे मशीन घेणार नाही, आत्या. आवाज फाटलाय."

"तुझ्या बापाचा आवाज फाटकाच आहे. टाक."

"शिकायला नाही घेत. पाहिजे तर जसंच्या तसं वेगळं ठेवते, एका बटणात." मी म्हटलं, ठेव. आणि बाकीच्या गडबडीत विसरून गेले.

नवा आवाज तयार झाला तेव्हा मी लातूरला गेले. भाचीनं लिहिलं, "पाणी दे." मोबाइल असा खेकसला, जणू आम्ही कालपासून पाणी दिलं नव्हतं. तिचा नवरा बाहेरच्या खोलीत होता, तो पेला घेऊन धावत आला. मग आम्हाला चेव चढला. "जेवण छान झालं" लिहिलं, तरी ऐकणाऱ्याला वाटावं की मीठ विसरलंय. "तुझी आठवण येते" लिहिलं, तर तीही धमकी वाटली. आम्ही पोट धरून हसलो. मग भाची डोळे पुसत म्हणाली, "आत्या, एवढं सगळं ऐकलं. अप्पांच्या आवाजात प्रेमाचं एकही नाही गं. मशीनला ते कुठून शिकवू?"

मी म्हटलं, "हेच ते. आपल्याकडं त्याला वेगळा आवाज नसतो."

त्या रविवारी आम्ही गावी गेलो. दुपार टळत आली होती. वहिनीला सांगितलं की नवं केलंय, तर ती म्हणाली, "तुमचं चालू द्या. मला चुलीकडं काम हाय." आणि आत गेली. तिनं दारही ओढून घेतलं.

दादा पडवीत बसला होता. भाचीनं मोबाइल त्याच्या कानाशी धरला आणि हळू आवाजात काही ऐकवलं. मग बटणं दाखवली, एकेक करून. कुठं काय लिहायचं, कुठं दाबायचं. दादाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तो ऐकत राहिला. मग त्यानं मोबाइल तिच्या हातातून घेतला, टोपी नीट केली, चपला घातल्या आणि आमच्याकडं न बघता ओढ्याकडं चालायला लागला.

"आवडलं नाही त्यांना," भाची म्हणाली. कित्येक आठवडे ती त्यात बुडालेली होती, हे मी पाहिलं होतं. "मी उगीच केलं. बरं चाललं होतं त्यांचं."

"काही बरं चाललं नव्हतं," मी तिच्यावर खेकसले. कुणीतरी खेकसायला हवंच होतं. पण मलाही आतून तसंच वाटत होतं. आम्ही दोघी पडवीच्या पायरीवर बसून त्याची पांढरी टोपी ओढ्यात उतरताना, पलीकडं चढताना आणि तुरीत दिसेनाशी होताना बघत राहिलो. वाटलं, आता हा अंधार पडेपर्यंत यायचा नाही.

शेताच्या कडेला एक खांब आहे. रानडुकरं हाकलायला दादानं त्यावर भोंगा बसवला आहे, बॅटरीवरचा. मोबाइल जोडला की त्यात कुत्री भुंकतात, फटाके वाजतात. डुकरं आता त्याला भीत नाहीत, पण भोंगा आहे. त्या भोंग्याकडं आमचं लक्षच नव्हतं.

आणि ओढ्यापलीकडून हाळी आली.

फाटलेली, लांबलचक, श्वासानं भरलेली. पिंपळावरची पाखरं उडाली. गोठ्यात दोन्ही बैल उभे राहिले आणि त्यांनी माना ओढ्याकडं वळवल्या. शेजारच्या अंगणात कुणीतरी "अगं माय!" म्हणालं. भाचीनं माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं दोन दिवस वळ होता. मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

आम्ही दोघी उठलो आणि आत धावलो. वहिनीला सांगायला, तिला सावरायला, ती घाबरली असेल तर समजवायला. दार ढकललं.

चुलीवर आधण चढलं होतं. वहिनी पाट्यावर आलं ठेचत होती. पदर खांद्यावरच होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नव्हता. तिनं वर न बघताच आम्हाला म्हटलं, "काय बघून राहिल्या दोघी? कप काढा की. ते ओढ्यात उतरले असतील."